आईचा रकाना

"आजी, तुमची पाळी कितव्या वर्षी गेली?" नर्सने विचारलं, आणि आई खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली सायकल.

"आई, तुला विचारतायत," धाकटी म्हणाली.

"ऐकू येतं मला. पण जरा हळू बोला की! दार सताड उघडं आहे."

नर्सने उठून दार लावलं, तरी आईचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरीसारखाच राहिला. एकाहत्तर वर्षांची बाई, पण हे असलं काही तिने उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. सकाळी निघताना तिने तीन सबबी सांगितल्या होत्या: गुडघा, बीपी आणि गॅसवाला. धाकटीने एकही ऐकली नाही. शेवटी थोरली म्हणाली, मीही येते बरोबर, तेव्हा कुठे आईने चपला घातल्या.

धाकटी तेहतीस वर्षांची, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. डोंगरातल्या एका मोठ्या पुलाचं काम तिला मिळत होतं. पहिल्यांदाच प्रमुख म्हणून, तीन वर्षांसाठी. नवरा-बायकोचं ठरलं होतं: वेळ हातात असेल तर आधी पूल, मग मूल. नसेल तर पुलाला लांबूनच नमस्कार. मूल तिला हवंच होतं, त्यात तडजोड नव्हती. ऑफिसला आज पाचच्या आत कळवायचं होतं.

"तुमचा रक्ताचा रिपोर्ट अगदी काठावर आहे," नर्स तिला म्हणाली. "धड इकडे नाही, धड तिकडे नाही. म्हणून घरातल्या बायकांचं विचारतो. आईची लवकर गेली असेल तर लेकीचीही लवकर जायची शक्यता बरीच असते. आता सगळा अंदाज त्यावरच. आजी, लाजू नका हो. मी दिवसभर हेच विचारत असते."

"तुमचं काय जातंय विचारायला," आई पुटपुटली.

शेजारच्या खुर्चीत थोरली रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

"बावन्न," आई एकदाची म्हणाली.

"नक्की ना गं?"

"माझी मला माहीत नसेल होय? बावन्न. तुझ्या गळ्याशप्पथ."

"अगं मग एवढंच सांगायला इतके आढेवेढे!" धाकटीच्या जिवात जीव आला. "मला वाटलं, आता काय ऐकायला लागतंय!"

आई हसली नाही. तिने फक्त नर्सचं पेन कागदावर फिरताना पाहिलं.

"बहिणी किती?"

"ही एकच. पन्नास पूर्ण."

"सतरा वर्षांचं अंतर?" नर्सने वर पाहिलं.

"शेंडेफळ ना मी! आई बाळंतपणाला मावशीकडे गेली, तर ही पण शिवण शिकायला तिच्यामागे. येताना दोघी एक मशीन आणि एक मी, असं सामान घेऊन आल्या."

नर्स हसली. "आणि तुमची पाळी?" तिने थोरलीला विचारलं.

"आहे अजून," थोरली म्हणाली. तिचे कान लालेलाल झाले होते.

"ताई, तू तर आईच्या वरताण!" धाकटी म्हणाली. "दिवसभर बायकांची मापं घेतेस आणि इथे लाजतेस?"

लाज तर थोरलीला वाटतच होती, इतकी की मान वर होईना.

त्या दवाखान्यात फॉर्म मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होती. एका बाईने संकोचापायी काहीतरीच वय ठोकून दिलं होतं म्हणे, तेव्हापासूनचा नियम. वाचून झालं की पेशंटची सही, मग कागद डॉक्टरांकडे.

"आई, बावन्न. बहीण एक, पाळी चालू," नर्सने वाचलं. "डॉक्टर सांगतीलच, पण मला तरी घाई दिसत नाही. तीन वर्षं खुशाल जा."

धाकटीने सही ठोकली. लगेच फोन काढून 'काम स्वीकारते' एवढं लिहिलं आणि फोन थोरलीपुढे धरला.

"ताई, तू पाठव. तुझा हात लाभतो मला. दहावीचा निकाल तूच उघडला होतास, आठवतं?"

थोरलीने फोन हातात घेतला. तिचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. तिने आईकडे पाहिलं.

"दाब की गं," आई घाईघाईने म्हणाली. "झालं ना सगळं? चला आता घरी."

थोरलीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माझी गेली आहे. छत्तिसाव्या वर्षीच."

"छत्तीस?" धाकटीचा आवाज चढला. "म्हणजे चौदा वर्षं झाली! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"लाज वाटायची."

"माझ्यासमोर कसली आली लाज? मी काय परकी आहे?" धाकटी नर्सकडे वळली. "पण बहिणीचं इतकं धरत नाहीत ना? आईचं बावन्न आहे की."

"बहिणीचंही बघतात, पण जास्त धरतात ते आईचंच," नर्स म्हणाली. बहिणीच्या रकान्यातलं 'चालू' खोडायला तिने पेन उचललं.

आई उभी राहिली होती. "तू गप्प बस," ती थोरलीला म्हणाली. "उठ म्हणते ना! घरी चल आधी."

थोरली उठली नाही. तिने पुढे वाकून नर्सचा हात धरला.

"छत्तीस तिथे नका लिहू," ती म्हणाली. "आईच्या रकान्यात लिहा."