गोगलगाय लावलेली पिकअप

चढ निम्मा संपला तरी साहेबरावांना गिअर उतरवावा लागला नव्हता. एरवी या चढावर त्यांची जुनी फार्गो पिकअप हटून बसायची. मग पॅसेंजर खाली उतरायचे आणि तिला ढकलत वर न्यायचे. आजही सवयीनं त्यांच्या तोंडून ‘उतरा रे’ एवढं निघालंच. पण मागं कुणी नव्हतं. गाडी रिकामीच, पाण्यातून होडी सरकावी तशी वर चालली होती.

“मामा, बघितलं?” शेजारी बसलेला देवानंद म्हणाला.

“बघून राह्यलो ना. ताकद आली बराबर. आता न्यायचं कोणाला, तेवढं सांग.”

देवानंद भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता, आणि त्या शास्त्रात पॅसेंजरांविषयी काही शिकवत नाहीत.

साहेबरावांची पिकअप रोज सकाळी गावोगावचे पॅसेंजर घेऊन बदनापूर स्टेशनला जायची. मग त्याच रस्त्यावर एसटी सुरू झाली. ती मागून निघे आणि नेमकी या चढावर पिकअपला गाठे. बशीतले लोक खिडकीतून धक्का मारणाऱ्यांना हात दाखवत. आज धक्का मारणारे उद्या खिडकीत दिसू लागले. शेवटी साहेबरावांनी जालन्याच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. देवानंदनं हातापाया पडून एक संधी मागून घेतली. “गाडी भरून स्टेशनात नेऊन दाखव,” मामा म्हणाले, “न्हाईतर ती जाईल रोलिंग मिलच्या भट्टीत, आन् तू जा कुठं कारकुनी कराया.”

रस्त्याच्या कामामुळे एसटी आणि पिकअप दोन्ही महिनाभर बंद राहिल्या, तेवढ्यात देवानंदनं सहा सिलिंडरचं ते इंजिन अंगणात उघडलं. सिलिंडर जालन्याहून घासून आणले, नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, वॉल्व्ह हातानं घोटले. एवढ्यावर गाडी पूर्वीसारखी झाली असती. त्याला ती पूर्वीपेक्षा चांगली करायची होती. धरणाच्या कामावरच्या मोडक्या बुलडोझरमधून त्यानं एक टर्बो मिळवला. इंजिनाचा वाया जाणारा धूर त्यातला एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दिसायला ते यंत्र थेट गोगलगाईसारखं होतं.

“आधीच आपली गाडी गोगलगाय,” मामा म्हणाले होते, “त्यात अजून एक कशाला?”

दुर्गामामींनी त्या गोगलगाईला हळदकुंकू वाहिलं. पहिल्याच चाचणीत ते करपून काळं झालं. पण गाडी पळाली. शिवाय धुराचा सगळा जोर पंखा फिरवण्यात खर्च झाल्यामुळे मागच्या नळीतून नुसता सुस्कारा बाहेर पडत होता. इतकी मुकाट गाडी अख्ख्या तालुक्यात नसेल, असं देवानंदनं मामींना अभिमानानं सांगितलं.

आज सकाळी ते शेतातल्या घरून निघाले होते. पहिल्या फाट्यावर माणूस नव्हता. दुसऱ्या फाट्यावर एक शेळी होती, तीही चढायला राजी दिसली नाही. पिंपरीच्या फाट्यावरून आत गावाकडे पाहिलं, तर चार-पाच जण लिंबाखाली बसून निवांत दात घासत होते. एकानंही मान वळवली नाही.

“हॉर्न वाजवा ना, मामा.”

“साहेबरावनं आजवर हॉर्न वाजवून माणूस बोलावला न्हाई. आपल्याला बघून उठंना झाले, बघ. बशीची वाट बघून राह्यलेत.”

चढ संपला. पिकअप एसटीच्या कितीतरी आधी स्टेशनात पोचली. साहेबरावांनी इंजिन बंद केलं, पण ते खाली उतरले नाहीत. देवानंद बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिला. आत सगळं ठीक होतं, हेच त्याचं दुःख होतं.

एसटी आली तेव्हा मामांनी तोंड फिरवलं. ती गर्दी त्यांना बघायची नव्हती. पण बशीतून एकटा कंडक्टर बद्रीनाथ उतरला, आणि तरातरा चालत पिकअपकडे आला.

“साहेबराव! तुम्ही इथं? कवा आलात?”

“लई वेळ झाला.”

“आन् मला आवाज कसा आला न्हाई? कोणालाच आला न्हाई! अहो, एकाबी फाट्यावर माणूस नव्हतं. पिंपरीत मी सोता उतरून आत गेल्तो, तर मंडळी दात घासत बसलेली. म्हटलं, चला ना, गाडी चुकंल. तर मलाच म्हणले, साहेबरावच्या गाडीची धडधड अजून कुठं आली, जल्दी काय एवढी? तुमची धडधड आली की अंघोळ, पिंपरीच्या वढ्यात आली की चप्पल, असं हाय त्यांचं. तुम्ही आवाज देता, तवा कुठं माझी बस भरती!”

बद्रीनाथ कपाळ पुसत पाण्याच्या नळाकडे गेला. साहेबराव स्टिअरिंगवर बोटं वाजवू लागले. मग त्यांनी भाच्याला खुणेनं जवळ बोलावलं.

“ती गोगलगाय मधूनच बंद-चालू करता येती का रे?”

“येईल. धुराला पंखा टाळून दुसरी वाट काढायची, वर एक झडप, आणि तिची दांडी तुमच्या हाताशी.”

साहेबरावांनी नळाकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“मंग असं कर. पॅसेंजर चढेस्तोवर गाडी जुनीच ठेव. चढले की नवी कर.”