उन्हाचा दाखला

पेणच्या कमळाकरांच्या कारखान्याला समुद्रापारच्या एका बेटावरच्या देशातून शाडूच्या साठ गणपतींची ऑर्डर आली, आणि सोबत एक फॉर्म. तिकडे नवा कायदा झाला होता. सौरऊर्जेवर बनल्याचा दाखला असेल तरच माल बंदरात उतरणार.

"लिही गो, आजोबांपासून आपल्या मूर्ती गच्चीवर उन्हात सुकतात," कमळाकर खुर्चीत रेलून मुलीला म्हणाले. "यापेक्षा जास्त सूर्य तो कायदा कुठून आणणार हाय?"

मृणालीने तसंच लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी फॉर्म शेरा मारून परत आला : 'सौर यंत्रणा आढळली नाही.'

"बाबा, त्यांना ऊन नकोय, यंत्र हवंय," मृणाली म्हणाली.

साठ मूर्ती हातच्या जाणार म्हटल्यावर कमळाकरांची मान खाली आली. रोह्याहून माणूस बोलावून त्यांनी गच्ची भरून पॅनल बसवले. फोटो गेले, दाखला आला. तो त्यांनी चौकटीत घालून देवाशेजारी टांगला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जुन्या कारागीर सीताबाई ओल्या मूर्तींचा पाट घेऊन गच्चीवर गेल्या आणि तशाच खाली आल्या.

"भाऊ, वर पाय ठेवायला जागा नाय. ह्या सुकवायच्या कुठं?"

कमळाकरांनी एकदा दाखल्याकडे पाहिलं.


"खालच्या खोलीत हीटर लावा. वरचं ऊन आता दाखल्याला दिलंय."