दुसरी रांग

वावाऊ बेटावरच्या आमच्या चर्चमधली सगळी गाणी कालिसीने बांधलेली. चाल तिची, आणि तालमी घेऊन सूर पक्के करून घेणारीही तीच. रविवारी मात्र पुढे उभा राहून हात हलवायचा तिचा नवरा फेलेती, कारण देवासमोर मंडळींच्या पुढे बाईने उभं राहायचं नसतं. फेलेतीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाणारे सगळे दुसऱ्या रांगेतल्या कालिसीकडे बघूनच गायचे.

यंदा फेलेती वारला. दुखवटा संपल्यावर ती धीर करून पाळकांकडे गेली.

"पाळकसाहेब, ईस्टर तोंडावर आलाय. आता पुढे मी उभी राहू का?"

पाळकांनी तिला मायेने बसवलं. "कालिसीताई, तुझ्याशिवाय या चर्चला आवाज नाही, हे मला ठाऊक नाही का? मी स्वतःच तुझ्याकडे येणार होतो."

इतक्या वर्षांनी कोणीतरी हे बोललं, म्हणून कालिसीचे डोळे भरून आले.

"रविवारपासून माझा जावई उभा राहील. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण तू आहेस ना!"