आषाढातलं हळदीकुंकू

संपावरच्या बायकांवर फरीदाबादला लाठ्या चालल्या. इस्पितळात गेलेल्या जखमींना पोलीस तिथूनच उचलत होते, म्हणून मी डॉक्टर असून चोरासारखी घरात टाके घालत होते. इतक्या बायका कशाला, असं हरियाणवी हवालदारांनी विचारलं की सांगायचे, हळदीकुंकू आहे. ते परतायचे. आज मात्र त्यांचा मराठी साहेब आला. माझ्या हातातलं कुंकवाचं तबक पाहून हसला. “मॅडम, आषाढात कसलं हळदीकुंकू?” माझं डोकंच फिरलं. “आत झोपलेल्या पोरीचं कपाळ फोडलंत तुम्ही. कुंकू लावायला जागा ठेवली नाहीत. या, बघा!” त्यानं आत पाहिलं. चेहरा उतरला. मग हवालदारांना म्हणाला, “घर की पूजा है, चलो.” उपकार केल्यासारखा जिना उतरू लागला. मी तबक त्याच्यामागे भिरकावलं. “साहेब, औषधांच्या दुकानांवर पहारा तुमचाच. टाक्यांचा दोरा संपलाय. तेवढा आणून द्या, मग जा!”