शाफ्टचं पोलाद

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टला स्वस्तातलं पोलाद चालणार नाही, यावर ती दोन वर्षं अडून बसली होती. पिळून पिळून सतरा नमुने तोडले, तेव्हा कुठे एक पोलाद तिच्या मनासारखं टिकलं. सगळी कंपनी खर्चावरून नाकं मुरडत असताना, तिला हाताला धरून काम शिकवणारे सर तेवढे पाठीशी उभे राहिले. "तू ड्रॉइंगवर सही कर, बाकीच्यांना मी बघतो."

नव्या गाड्या कारखान्याबाहेर पडल्या, तेव्हा ती हरखून म्हणाली, "सर, यातली एक बाबांसाठी घेतेय!"

सरांनी इकडेतिकडे पाहून तिला बाजूला घेतलं.



"बाबांना यातली नको देऊस, पोरी. शाफ्ट तुझ्या पोलादाचा नाहीये."