बंद दाराचा फोटो

लेसिएलीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी चौकटीत फोटो सरकवत सरकवत तिने फोनवरच आपल्या दुकानाची वेबसाइट उभी केली. चर्चला जाताना टोंगा बेटांवरची माणसं कमरेला गुंडाळतात, त्या केवड्याच्या पातीच्या चटया ती विणायची. दीड महिन्यात एकही ऑर्डर आली नाही. त्यात दर शनिवारी संध्याकाळी ती वेबसाइटवरच्या सगळ्या चटया झाकून तिथे दुकानाच्या बंद दाराचा फोटो लावायची, तो सोमवारी सकाळी हटवायची.

"अगं, वेबसाइटला कुठे सुट्टी असते?" सोआने हा तिचा नवरा कपाळावर हात मारायचा. "उघडी असताना काळं कुत्रं विचारत नाही, आणि ही बाई बंद करतेय!"

"टोंगात रविवारी कोण दुकान उघडतं? पाद्रीबुवांना तोंड कसं दाखवू?"

एका सोमवारी ती तो फोटो हटवायला बसली, तर सिडनीहून निरोप आलेला.

"मावशी, आमच्या चर्चच्या गायकांना चटया हव्यात. काल रविवार, म्हणून सहा वेबसाइट नुसत्या पाहून ठेवल्या. सगळ्याच म्हणतात, आम्ही अस्सल टोंगाचे. बंद फक्त तुमची होती. वीस पाठवा."