खराब हवा

मालकाच्या खासगी विमानाचा कॅप्टन म्हणजे नुसता दिमाख. बॅगा त्यानेच चढवायच्या, फुटलेले ग्लास त्यानेच वेचायचे आणि पांढऱ्या सीटवरचं रक्तही पुढच्या फेरीआधी त्यानेच पुसायचं. आधीच्या कॅप्टनने त्या रक्ताबद्दल तोंड उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नारळ मिळाला.

म्हणून हा गप्प राहिला. आज फक्त विमानात चढताना मालकाच्या बायकोला, बाईसाहेबांना, हळूच म्हणाला, "काही झालं तरी पट्टा सोडू नका."

विमान वर जाऊन स्थिरावलं, तशी कॉकपिटच्या दारामागे पहिली थप्पड वाजली. मग बाईसाहेबांचं डोकं खिडकीवर आपटल्याचा आवाज आला.

कॅप्टनने माइक उचलला. "हवा खराब आहे. कृपया पट्टे बांधून बसा."

"सर, एक ढग नाहीये," को-पायलट पुटपुटला.

"तू तुझा पट्टा आवळ."

मागे दुसरी थप्पड वाजली. कॅप्टनने विमानाचं नाक खाडकन खाली दाबलं आणि तसंच वर खेचलं. मालक आधी छतावर आदळला, मग जमिनीवर, आणि शिव्यांच्या जागी कण्हणं ऐकू येऊ लागलं.

उतरल्यावर दोघांनी धरून त्याला गाडीत घातलं. नाकाचा पार चेंदामेंदा झाला होता.

"हवेपुढे कुणाचं काय चालतं, साहेब," कॅप्टन म्हणाला.

फुटलेल्या ओठावर रुमाल दाबत बाईसाहेब त्याच्यापाशी क्षणभर थांबल्या.



"परतताना हवा याहून खराब ठेवा, कॅप्टन."